चांद्याचे लोखंड, पुण्याची कपाटे

चांदा जिल्ह्याच्या रानातील लोखंडाचा इतिहास शोधण्यासाठी आम्ही पुण्यास गेलो, असे सांगितले की ऐकणारा क्षणभर थबकतो. सिंदेवाहीचे रान कोठे आणि पुण्याचा मंगलदास रस्ता कोठे! परंतु इतिहासाची साधने घटना घडली तेथेच राहतात असे नाही. ज्याने लिहिले त्याच्या घरी ती जातात, आणि ज्याच्या घरी कपाट असते तेथे ती टिकतात.

या शोधाचे निमित्त बल्लारपूर येथे घडले. १९६२ साली स्थापन झालेल्या चांदा धर्मप्रांताचे धर्मपीठ याच गावी आहे, आणि काही कामानिमित्त आमचे तिकडे जाणे झाले होते. सणाचा दिवस होता. पंगतीत शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी बोलता बोलता सांगितले की, टाटांचा पोलादाचा कारखाना वास्तविक आमच्या चांद्यातच व्हावयाचा होता. साहेब लोक येऊन रान पाहून गेले, डोंगर फोडून दगड नेले, आणि मग कारखाना बिहारात गेला. चांद्याच्या नशिबी तो नव्हता. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार होती, आणि थोडासा अभिमानही होता. अशी वाक्ये प्रत्येक जिल्ह्यात ऐकू येतात. आमच्याकडे येणार होते ते दुसऱ्याकडे गेले, ही कथा सांगावयास गोड आणि तपासावयास कठीण असते. ती तपासून पाहावी असे आमच्या मनाने घेतले.

प्रारंभीच नावांचा एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजी अमदानीतील कागदांत 'चांदा' म्हणून जो विस्तीर्ण जिल्हा येतो, त्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील वनप्रदेश वेगळा काढून गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. जुन्या कागदांचा विषय आहे म्हणून येथे आम्ही 'चांदा' हेच नाव बहुधा वापरले आहे. (गंमत अशी की, टाटांच्या पोलाद कंपनीची नोंदणी झाली तो दिवसही २६ ऑगस्टच, वर्ष १९०७. याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही. पण जुनी कागदपत्रे चाळणाऱ्यास असल्या योगायोगांचे वेड लागते, हे वाचकांनी समजून घ्यावे.)

पुण्यात 'टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज' या नावाचा अभिलेखागार आहे. टाटा उद्योगसमूहाने आपली जुनी कागदपत्रे एकत्र जपण्याचे काम १९९१ मध्ये हाती घेतले, आणि पुण्यातील आपल्या व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्राच्या आवारात २००१ साली या अभिलेखागाराला स्वतःची वास्तू दिली. असे उपक्रम आपल्याकडे थोडेच आहेत. रिझर्व्ह बँकेचा अभिलेखागारही पुण्यातच, १९८१ पासून. गोदरेज समूहाचा विक्रोळीस, २००६ पासून. आणखी काही नावे घेता येतील, पण देशातील जुन्या कारखान्यांची आणि पेढ्यांची संख्या पाहता ती फारच अपुरी आहेत.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सरकारी कागदपत्रांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. खाजगी कंपनीला तो लागू नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ वर्षे जपल्या म्हणजे कंपनीचे कर्तव्य संपले. सभांची इतिवृत्ते तेवढी कायम ठेवावी लागतात. मजुरांच्या हजेरीपटांचे, कंत्राटदारांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे, रानातून आलेल्या अहवालांचे पुढे काय करावयाचे, हे सर्वस्वी मालकाच्या इच्छेवर आहे. विदर्भातील एका बंद पडलेल्या उद्योगाच्या कचेरीत आम्ही पूर्वी एकदा विचारणा केली होती, तेव्हा जागा रिकामी करताना जुने कागद रद्दीत दिल्याचे आम्हांस मोठ्या सौजन्याने सांगण्यात आले. त्या सौजन्यास काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांस जुनी दप्तरे परकी नाहीत. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन प्रत्येक धर्मगुरूवर घातले, आणि १९८३ च्या धर्मसंहितेतही धर्मग्रामाने बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या वह्या ठेवाव्यात, जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात, असे स्पष्ट कलम आहे. आजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या वर्षी झाला, धर्मपिता कोण होते, हे पाहावयास आपण सहज मिशनघरी जातो. त्या वहीचा एक गुण आपल्या सहसा लक्षात येत नाही. तीत जमीनदाराच्या मुलाला जेवढी ओळ, तेवढीच त्याच्या गड्याच्या मुलाला. उद्योगाच्या दप्तरात तसे नसते. तेथे ज्याने निर्णय घेतला त्याचे पत्र असते, ज्याने पैसा घातला त्याची सही असते, आणि ज्याने खड्डा खणला तो 'मजुरी' या शीर्षकाखालील बेरजेत असतो. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही. दप्तर ज्या कामासाठी निर्माण झाले, त्या कामापुरतेच ते बोलते. संशोधकाने मात्र हे आधीच ओळखून जावे.

अशा ठिकाणी जाण्याची रीत थोडक्यात सांगतो. आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते. विषय कोणता, कोणत्या काळातील कागद हवेत, त्यांचा उपयोग कशासाठी करणार, हे कळवावे लागते. मोघम विषय सांगितल्यास मोघम उत्तर येते. जुन्या कागदाजवळ शाई चालत नाही, म्हणून टिपणे पेन्सिलीने करावी. एका वेळी एकच जुडगा मागावा आणि कागदांचा क्रम मोडू नये, कारण कोणत्या पत्राशेजारी कोणते पत्र ठेवले होते हाही एक पुरावाच असतो. सरकारी दप्तरखान्यात आपण नागरिक म्हणून जातो, उद्योगाच्या अभिलेखागारात पाहुणे म्हणून. दार उघडणाऱ्या यजमानाविषयी कृतज्ञता वाटणारच. लेखणी हाती घेताना मात्र ती कृतज्ञता थोडी बाजूस ठेवावी लागते, आणि हे लिहिण्याइतके सोपे नाही.

नावांनी आम्हांस एकदा फसविलेच. 'लोहारा' हे नाव चांद्याच्या संदर्भात वारंवार येते, आणि आम्हांस प्रथम चंद्रपूर-मूल रस्त्यावरचे लोहारा आठवले. ताडोब्याजवळील ज्या कोळसापट्ट्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००९ साली अखेर नकार दिला, तो त्या लोहाऱ्याचा. लोखंडाचे लोहारा निराळे, सिंदेवाहीकडचे. लोखंड जेथे निघाले तेथे लोहार राहिले, आणि लोहार राहिले तेथे लोहारा झाले. असे गाव एकच कसे असेल?

आता मूळ कथेकडे वळू.

जमशेटजी टाटांचा नागपूरशी संबंध कापसामुळे आला. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, त्यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, रिटर फॉन श्वार्त्स नावाच्या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंड-उद्योगाच्या आर्थिक भवितव्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि तो जमशेटजींच्या वाचनात आला. लोहाऱ्याची धाऊ उत्कृष्ट प्रतीची आहे आणि वरोऱ्याच्या सरकारी कोळसाखाणी त्याच जिल्ह्यात आहेत, एवढ्या दोन गोष्टी उद्योगी माणसाला स्वस्थ बसू न देण्यास पुरेशा होत्या. लोहाऱ्याची टेकडी भूगर्भशास्त्रज्ञांच्या लेखनात प्रसिद्धच होती. मैलाचे तीन अष्टमांश लांब, दोनशे यार्ड रुंद, एकशेवीस फूट उंच. आजच्या मापाने सहाशे मीटर लांब आणि छत्तीस मीटर उंच अशी ही संबंध टेकडी लोहखनिजाची.

मग अडले कोठे? अडले कोळशावर. येथे थोडा तांत्रिक तपशील देणे भाग आहे, कारण बल्लारपूरच्या त्या गृहस्थांच्या तक्रारीचे उत्तर त्यातच आहे. मोठ्या झोतभट्टीत धाऊ, चुनखडी आणि कोक यांचे थरावर थर घालतात. कोक म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून, त्यातील वायू व डांबर काढून उरलेला कठीण, सच्छिद्र पदार्थ. त्याला उष्णता तर द्यावयाची असतेच, शिवाय डोक्यावरचा शेकडो मणांचा भार पेलीत उभे राहावयाचे असते. तो चुरला तर हवेचा झोत अडतो आणि भट्टी गुदमरते. कोणताही कोळसा कोक होत नाही; तापल्यावर मऊ होऊन एकजीव होण्याचा गुण त्यात असावा लागतो. वरोऱ्याच्या कोळशात तो नव्हता. आगगाडीच्या इंजिनाला तो चाले, भट्टीला चालेना. जमशेटजींनी तो तपासून घेतला आणि निराश झाले. शिवाय त्या काळचे खाणपट्ट्यांचे सरकारी नियम इतके जाचक होते की, खाजगी माणसाने त्यांत पैसा घालणे धाडसाचेच ठरले असते. प्रकरण सतरा वर्षे थंड पडले.

१८९९ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने खनिजशोधाचे नियम सैल केले, आणि जमशेटजींनी जुना विषय पुन्हा वर काढला. १९०० मध्ये लंडनला ते भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांस भेटले. १९०२ मध्ये अमेरिकेस गेले. पिट्सबर्गचे ज्युलियन केनेडी यांच्या सल्ल्यावरून न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांस गाठले. पेरिन यांनी आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांना भूगर्भाच्या पाहणीसाठी हिंदुस्थानात पाठविले.

वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला असे तिघेजण १९०३-०४ च्या हंगामात चांद्याच्या रानात उतरले. (हेच सकलातवाला पुढे विलायतेत जाऊन साम्यवादी झाले आणि १९२२ साली लंडनच्या बॅटर्सी मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून आले. चांद्याच्या रानाने त्यांच्या विचारांस काही दिले काय, हा मोह पाडणारा प्रश्न आहे; पण पुराव्याविना त्याच्या मागे जाणे बरे नव्हे.) बैलगाडीचा प्रवास, तंबूतला मुक्काम, वाघांचे रान, आणि पाण्याचा असा तुटवडा की एकदा चहा सोडावॉटरवर करावा लागला, असे त्या मोहिमेचे वर्णन टाटांच्या चरित्रांत येते. धाऊ मिळाली, आणि तिचा कसही उत्तम होता. परंतु लोहारा, पिंपळगाव आणि इतर ठिकाणचे साठे विखुरलेले होते. टेकडी कितीही देखणी असली तरी पन्नास-साठ वर्षे चालावयाच्या कारखान्याला ती पुरेल असे वेल्ड यांस वाटेना. चांदा सोडावयाचे ठरले.

यापुढचा प्रसंग पुष्कळांनी ऐकलेला असेल. चांद्याचा नाद सोडल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्यास भेटावयास गेले. साहेबांस वेळ होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. हेच नागपूरकरांचे अजब बंगला, १८६३ सालचे. तेथे मध्य प्रांताचा एक भूगर्भीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची गडद खूण दिसली. मोहीम दुर्गला वळली. धल्ली-राजहऱ्याचे डोंगर सापडले. तेथेही कोळसा आणि पाणी जवळ नव्हते. इतक्यात भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे २४ फेब्रुवारी १९०४ चे पत्र आले: मयूरभंज संस्थानात धाऊ आहे, आणि झरियाचा कोक होणारा कोळसा तेथून दूर नाही. त्याच वर्षी १९ मे रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. साकची येथे कारखाना उभा राहिला. डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड वितळले. धल्ली-राजहऱ्याची धाऊ पुढे स्वतंत्र भारतात भिलाईच्या कारखान्याने वापरली.

तेव्हा बल्लारपूरच्या गृहस्थांची गोष्ट खरी होती. तिचा शेवट मात्र खरा नव्हता. चांद्याच्या नशिबाने किंवा कोणाच्या पक्षपाताने कारखाना गेला नाही. धाऊ विखुरलेली होती आणि कोळसा कोक होणारा नव्हता, म्हणून तो गेला. वरोऱ्याची ती खाणही १९०६ मध्ये बंद पडली.

येथेच थांबलो असतो तर पुण्याची खेप सार्थकी लागली, असे म्हणून परत फिरलो असतो. परंतु टिपणे पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचू लागली. ही संबंध कथा आपणांस कोणाकडून कळते? प्रामुख्याने दोन इंग्रजी पुस्तकांकडून: लोव्हॅट फ्रेझर यांचे १९१९ चे आणि एफ. आर. हॅरिस यांचे १९२५ चे. दोन्ही आदराने लिहिलेली, दोन्ही यशानंतर लिहिलेली. फ्रेझर यांच्या पुस्तकाचे उपशीर्षकच, हा जमशेटजींच्या आयुष्यातील एक अध्याय होय, असे सांगते. कारखाना उभा राहिल्यावर मागे वळून पाहिले की वाटेतली रानेवने ही केवळ अडथळे आणि गमती बनतात. सोडावॉटरचा चहा लक्षात राहतो. त्या दिवशी पाणी कोठे असेल हे ज्याला ठाऊक होते, किंवा नव्हते, तो वाटाड्या लक्षात राहत नाही.

टेकडी कोणी दाखविली? अनोळखी रानात तिघे शहरी लोक स्वतःच्या बुद्धीने लोहाऱ्याला आणि पिंपळगावला पोहोचले नाहीत. श्वार्त्स यांनाही कोणी दाखविलीच असणार, आणि त्यांच्या आधी भूगर्भ खात्याच्या लोकांनाही. हे दाखविणारे कोण होते याचे अनुमान करता येते, कारण चांद्याच्या रानात लोखंड गाळण्याचा धंदा साहेब येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मातीची बुटकी भट्टी, खाली मातीची नळी, चामड्याचा भाता, आणि आत धाऊ व लाकडी कोळसा यांचे थर. काही तासांनी भट्टीचे तोंड फोडले की लोखंडाचा सच्छिद्र लालभडक गोळा निघे. तो घणाखाली ठोकून मळी काढून टाकीत, तेव्हा विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ होई. या कामाला कोक लागत नव्हता, लाकूड लागत होते. राखीव जंगलाचे कायदे आले, कोळसा पाडण्यावर निर्बंध आले, आगगाडीने विलायती लोखंड स्वस्त आणले, आणि या भट्ट्या एकेक करून विझल्या. ज्या वर्षांत टाटांची माणसे रान धुंडाळीत होती, त्याच वर्षांत हे घडत होते.

याचा माग पुण्यातील कपाटांत नाही. तो शोधण्यासाठी सरकारी कागदांकडे जावे लागते: मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९ सालचा चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल, १९०९ चे जिल्हा गॅझेटियर. ल्यूसी स्मिथ यांनी गोंडांची एक परंपरा नोंदविली आहे. कोल भील नावाचा एक बलवान व ज्ञानी पुरुष गोंडांत उदयास आला. त्याने विखुरलेल्या लोकांस एकत्र केले, दगडातून लोखंड काढण्यास शिकविले, आणि माना राजांशी झुंज दिली. सुरजागड, माणिकगड, वैरागड ही मानांची ठाणी मानली जातात. परंपरेला इतिहास म्हणता येत नाही, हे खरे. पण एखाद्या जमातीने आपल्या राज्याचा आरंभ लोखंड गाळण्याच्या विद्येशी जोडावा, हे नजरेआड करण्यासारखे नाही. मध्य भारतातील अगरिया लोहारांवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे एल्विन मूळचे अँग्लिकन धर्मोपदेशक. पुढे त्यांनी ती वाट सोडली आणि आदिवासींत राहून त्यांच्या कथा लिहून काढल्या. चांद्याच्या भट्ट्यांना असा एल्विन लाभला नाही.

बल्लारपुरात बसून लोखंडाविषयी बोलावे आणि कागदाविषयी बोलू नये, हे विचित्र दिसेल. १९४५ साली थापर कुटुंबाने येथे कागद गिरणी कंपनी स्थापिली. १९७५ पासून ती बल्लारपूर इंडस्ट्रीज या नावाने ओळखली गेली. चांद्याच्या रानातला बांबू सरकारी करारांनी गिरणीकडे येई आणि वह्यापुस्तके होऊन देशभर जाई. तोच बांबू गावकऱ्याने टोपल्या विणण्यास तोडला तर तो गुन्हा ठरे, कारण १९२७ च्या वनकायद्याने बांबूची गणना झाडात केली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

कागदाच्या या कथेत दोन्ही बाजूंची दप्तरे आहेत, आणि दोन्ही जपली जाणे आवश्यक आहे. जानेवारी २०२० मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. अशा वेळी यंत्रांची मोजदाद होते, जमिनीची होते, देण्याघेण्याची होते. जुन्या बांबू-करारांची, रानातील डेपोंच्या वह्यांची किंमत कोण करणार? उलट मेंढ्यात ग्रामसभेने काय ठरविले हे लिहून ठेवण्याची रीत आहे. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यास करून, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची पद्धत बसविली. उद्याच्या इतिहासकाराला गिरणीच्या दप्तरात बांबूचे टन सापडतील, आणि ग्रामसभेच्या वहीत तो कोणी, कोणत्या अटीवर तोडला हे सापडेल. एक वही हरवली तर दुसरीचा अर्थ अर्धाच लागेल.

आणि लोखंड? ते परत आले आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर २००७ साली लॉईड्स मेटल्स या कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. २०१६ मध्ये काम सुरू झाले, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथील अनेक वाहने जाळली, आणि २०२१ पासून उत्खनन पुन्हा वाढले. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे कारखाना उभारला गेला. माडिया लोक हा डोंगर ठाकूरदेवाचा मानतात. दर वर्षी तेथे जत्रा भरते. रोजगार मिळाला म्हणणारे आहेत, आणि रान गेले म्हणणारेही आहेत. कधीकधी ते एकाच घरात असतात. त्यांच्यातील वाद येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. इतकेच मनात येते की, १९०४ साली रान दाखविणाऱ्याचे नाव लिहिले गेले नाही, याला त्या काळाची रीत हे कारण देता येईल. आज प्रत्येकाच्या हातात लेखणी आहे आणि खिशात छायाचित्र काढणारे यंत्र आहे. आज ते कारण चालणार नाही.

पुढील खेपेस बल्लारपूरला त्या वृद्ध गृहस्थांची भेट घेतली. कोळशाची सारी हकीकत त्यांस सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, आणि कोक म्हणजे काय हे नातवास समजावून सांगण्यास आम्हांस लाविले. मग आत जाऊन त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. तीत त्यांच्या वडिलांची कोळसाखाणीतील पगाराची चिठ्ठी होती, एक ओळखपत्र होते, आणि रानात तंबूपुढे उभ्या असलेल्या सात जणांचे एक छायाचित्र होते. सातांपैकी दोघांची नावे त्यांस आठवत होती.

वाचकांपैकी ज्यांची कुटुंबे चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, सिंदेवाही, आलापल्ली या भागांत खाण, गिरणी, रेल्वे किंवा वनखात्यात होती, त्यांना आमची विनंती आहे. घरातील जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीची कार्डे, संघटनेच्या पावत्या, पत्रे, छायाचित्रे, जे काही असेल ते या त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावे. मूळ कागद पाठवू नयेत, प्रत पुरे. छायाचित्रातील माणसांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना आताच विचारून घ्यावीत, आणि मागील बाजूस नाव, गाव, वर्ष लिहून ठेवावे. पेन्सिलीने लिहावे, हलक्या हाताने. शाई पाठीमागून पुढे उतरते.